चकवा आणि चौघी : कुमारवयीन मुलींची भयकथा कशी लिहावी

चार मुली एकत्र येतात आणि एका राक्षसाला हरवतात, एवढे सूत्र घेऊन लिहायला बसणाऱ्याचे घोडे बहुधा मधल्या प्रकरणांत अडते. सुरुवातीची भीती जमलेली असते, शेवटचा सामनाही डोळ्यांपुढे असतो. पण मुली एकत्र का येतात, या प्रश्नाचे उत्तर ‘मैत्रिणी आहेत म्हणून’ यापलीकडे जात नाही. कथेत हे कारण लंगडे पडते, कारण मैत्रिणी आधीपासूनच एकत्र असतात आणि राक्षसाच्या येण्याने त्यांच्यात काहीच बदलत नाही. म्हणून पहिले पान लिहिण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्यात. राक्षस असा असावा की एकटीला तो हरवताच येऊ नये. आणि या मुलींना एकमेकींपासून जे तोडते, त्याच्याच जोरावर तो जगत असावा.

याचा उत्तम नमुना आपल्याकडे देवीमाहात्म्यातल्या रक्तबीजाच्या कथेत आहे. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून त्याच्याच बळाचा नवा असुर उभा राहतो, त्यामुळे देवीच्या बाजूने लढणाऱ्या मातृकांनी जितके वार करावेत तितके शत्रू वाढतात. तिथे शौर्य कमी पडत नाही, उलट शौर्यानेच संकट वाढते. शेवटी चंडिका वार करते आणि काली रक्त जमिनीवर पडण्याआधीच पिऊन टाकते, तेव्हा तो मरतो. एकीचे काम दुसरीच्या कामावाचून निरर्थक ठरते, हा या लढाईचा गाभा आहे. कुमारांसाठीच्या बऱ्याच भयकथांत मात्र शेवटी सगळ्याजणी हात धरून उभ्या राहतात आणि राक्षस विरघळतो. हात धरल्याने नेमके काय घडले, हे लेखकाला सांगता येत नसेल तर ते वाचणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीलाही पटणार नाही.

राक्षस निवडताना

पुण्यात कथा घडवायची म्हटली की हात आधी शनिवारवाड्याकडे जातो. १७७३ साली नारायणरावाचा खून झाला आणि ‘काका, मला वाचवा’ ही हाक तेव्हापासून इतक्यांदा ऐकवली गेली आहे की तिने आता कोणी दचकत नाही. ती सहलीला आलेल्या पाहुण्यांसाठी राहू द्यावी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारा जमिनीखालचा नळ आणि त्याच्या वाटेवर हवेसाठी बांधलेले उच्छ्वास हे स्थळ भुरळ घालणारे आहे खरे. पण नववीतल्या मुलींना त्या नळात पटण्याजोग्या रीतीने उतरवण्यातच दोन प्रकरणे खर्ची पडतात.

लोकपरंपरेतली भुते हाताशी आहेतच, पण त्यांतली निवड डोळसपणे करावी लागते. मुंजा हा मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा, तर हडळ ही बहुधा बाळंतपणात गेलेली बाई. म्हणजे आपली बरीचशी भुते ही मुळात अपुरे राहिलेले, आणि बायकांच्या बाबतीत अनेकदा अन्याय सोसलेले जीव आहेत. मुलींच्या एकजुटीची कथा लिहायची आणि त्या एकजुटीने एका छळलेल्या बाईलाच ठेचायचे, यात मोठी विसंगती आहे. हडळ घ्यायची असेल तर हा प्रश्न कथेच्या मध्यभागी आणावा आणि मुलींना तिच्या बाजूने की तिच्या विरुद्ध, असा खरा पेच पडू द्यावा. तेवढी तयारी नसेल तर तिला हात लावू नये. शेवटच्या दोन परिच्छेदांत तिची करुण कहाणी सांगून तिला मुक्ती देणे ही पळवाट वाचकांच्या आता अंगवळणी पडली आहे.

उदाहरणापुरता येथे चकवा घेऊ. चकवा वाट चुकवतो, ओळखीच्या रस्त्यावरून माणसाला पुन्हा पुन्हा त्याच जागी आणतो, आणि तो गाठतो बहुधा एकट्यादुकट्याला. त्याला चेहरा नाही, दात नाहीत, त्यामुळे किळसवाण्या वर्णनाचा सोपा रस्ता आपोआप बंद होतो. आता त्याला नियम हवा. समजा, चकव्याच्या कचाट्यात सापडलेल्या प्रत्येकीला समोरच्या रस्त्यातली एकच गोष्ट खोटी दिसते आणि ती प्रत्येकीला वेगळी दिसते. एकीला नसलेला बोळ दिसतो, दुसरीला उघड्या वाटेवर भिंत दिसते, तिसरीला घराकडची दिशा उलटी भासते. आपले काय चुकते आहे हे कोणालाच स्वतःहून कळत नाही. चौघींनी आपापले पाहिलेले बोलून दाखवले आणि ताडून पाहिले तरच खरी वाट हाती लागते. म्हणजे सुटायचे असेल तर स्वतःच्या डोळ्यांपेक्षा मैत्रिणीच्या शब्दावर जास्त विश्वास ठेवावा लागतो. एकजूट ही आता भावना राहिली नाही, ती करायची कृती झाली.

याच नियमातून मुलींमधली फूटही ठरते. ज्या कथेत राक्षसाला साक्ष हवी, त्या कथेत एकीच्या साक्षीवर कोणाचाच विश्वास नसावा. समजा, सहामाही परीक्षेतल्या कॉपीच्या प्रकरणात पूजा खोटे बोलली आणि श्रावणीला बाईंची बोलणी बसली. हे भांडण लहान आहे, पण चौदाव्या वर्षी ते लहान नसते. चकव्याने मग फार काही करावे लागत नाही. ज्या वळणावर फक्त पूजालाच खरे दिसते आहे, अशा वळणावर त्याने चौघींना आणून सोडावे आणि बाजूला व्हावे.

जागा आणि काळ

पेठांमधले बोळ, वाड्यांच्या आरपार जाणाऱ्या वाटा आणि एकसारखे दिसणारे दगडी जोते ही चकव्याला आयती मिळालेली भूमी आहे. तरीही नुसती अरुंद गल्ली दाखवून भागत नाही, त्या गल्लीचा इतिहास राक्षसाच्या अंगात मुरलेला हवा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि नदीकाठच्या पेठांमधले कित्येक वाडे मुठेच्या पाण्याने जमीनदोस्त केले. अनेक कुटुंबे पेठ सोडून गोखलेनगरसारख्या पूरग्रस्तांच्या वसाहतींत राहायला गेली. आता असे ठरवून पाहावे की चकवा जो खोटा बोळ दाखवतो तो मनाने रचलेला नाही, तो पुरात पुसला गेलेला खरा बोळ आहे. मग गोखलेनगरात राहणाऱ्या श्रावणीच्या आजीला नातीच्या वर्णनावरून तो ओळखता येतो: ‘कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती का गं? मग तिकडे पाऊल टाकू नकोस, तिथे आता काही नाही.’ पूर आला तेव्हा १३ वर्षांची असलेली ही आजी २०२५ मध्ये ७७ वर्षांची असते. असा हिशेब कथा सुरू करण्यापूर्वीच मांडून ठेवावा, कारण पुण्याचा वाचक कथेतले भूत सोडून देईल, पण चुकलेले साल सोडणार नाही.

काळासाठी नवरात्र सोयीचे आहे. मुलींना संध्याकाळी घराबाहेर असण्याचे कारण लागते आणि भोंडला ते देतो: मध्ये पाटावर हत्ती, भोवती फेर, आणि शेवटी झाकलेला डबा हलवून खिरापत ओळखण्याचा खेळ. या खेळात भयाची उत्तम जागा दडलेली आहे. एका घरी खिरापत ओळखता ओळखता सगळ्यांची भंबेरी उडालेली असताना फेरातून कोणीतरी हळूच ‘वाटली डाळ’ म्हणते आणि ते बरोबर निघते. पुढच्या घरीही तसेच, त्याच्या पुढच्या घरीही तसेच. आणि जिन्यावरून उतरताना चौघींतली आफरीन विचारते की हे बोलत कोण होते. प्रत्येकीला वाटत असते की दुसरी बोलली.

चौघी आणि त्यांची माणसे

मुलींची संख्या चारपेक्षा फार वाढवू नये. सहा-सात झाल्या की दोघी-तिघी केवळ किंचाळायला उरतात. प्रत्येकीला असे काहीतरी माहीत असावे जे इतर तिघींना माहीत नाही, आणि ते तिच्या घरातून, तिच्या रोजच्या वाटेवरून आलेले असावे: एकीला पुरापूर्वीची पेठ आजीकडून ठाऊक, दुसरीचे वडील टेम्पो चालवतात म्हणून तिला रस्ते पाठ, तिसरी कसबा पेठेतच वाढलेली. ‘हुशार’, ‘धीट’, ‘विनोदी’ अशा खणांत मुली बसवल्या की त्यांचे बोलणेही खणांतलेच होते. संवाद लिहून झाल्यावर तो नावे झाकून वाचावा; कोण बोलते आहे ते कळत नसेल तर ते पान पुन्हा लिहावे. त्यांची भाषा पुस्तकी नको आणि दर वाक्यात ‘यार’ पेरून केलेली तरुणही नको.

मोबाईलचे काय, हा प्रश्न टाळता येत नाही. चार्जिंग संपणे, रेंज जाणे या युक्त्या फार वापरून झाल्या आहेत. त्यापेक्षा फोन चालू ठेवावा आणि नकाशा अचूक दाखवावा: निळा ठिपका सांगतो सरळ जा, आणि समोर तर भिंत आहे. अशा भिंतीत डोळे मिटून चालत जाण्याचा प्रसंग बंद पडलेल्या फोनपेक्षा कितीतरी भयंकर होतो.

मोठ्या माणसांना मूर्ख किंवा दुष्ट करू नये. दिवेलागणीनंतर मुलगी घरी आली नाही म्हणून आईच्या पोटात गोळा येतो तो भुताच्या भीतीने नाही, रस्त्यावरच्या माणसांच्या भीतीने. आणि ती भीती अनाठायी नाही हे मुलींनाही कळते. म्हणूनच त्या घरी खरे सांगत नाहीत. खरे सांगितले तर बाहेर पडणेच बंद होईल, ही मुलींची अडचण मुलग्यांच्या साहसकथेत नसते. तिच्यावर एक अख्खे प्रकरण खर्च करावे. मात्र राक्षसाला गंभीर बनवण्यासाठी लैंगिक अत्याचार केवळ सूचक मसाला म्हणून वापरू नये. तो विषय घ्यायचा तर त्याच्या सर्व जबाबदारीनिशी घ्यावा, आणि चकव्याच्या कथेला त्याची गरज नाही.

भीती प्रत्यक्ष पानावर

भीती विशेषणांनी वाढत नाही. ‘भयाण’, ‘गूढ’, ‘काळाकुट्ट’ हे शब्द पहिल्या खर्ड्यातून काढून टाकले तरी प्रसंग उभा राहतो का ते पाहावे. वाचकाला आधी एक साधी, खात्रीची गोष्ट द्यावी आणि मग तीच हलवावी. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर पडणारे हातोडीचे ठोके ही अशी खात्रीची गोष्ट आहे. पहिल्या प्रकरणात मुली त्या आवाजावरूनच घराची दिशा ओळखतात, असे सहज सांगून ठेवावे. पुढे:

‘ठोके ऐकू येतायत का गं?’
‘तांबट आळीतले ना? त्यात काय नवीन?’
‘आळी मागे गेली, पूजा. हे पुढून येतायत.’

येथेच थांबावे. पुढे वारा सुटला, कुत्रे रडले, असे काही जोडले की तीन ओळींनी मिळवलेले घालवून बसतो. त्यांनी पावले उचलून चालायला लागावे आणि पुढच्या परिच्छेदात आळी पुन्हा मागेच पडावी.

शंका घेणारी मुलगी

डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी याच शहरात झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. अशा शहरात भुताची कथा लिहिताना चौघींपैकी एकीने तरी ‘चकवा वगैरे काही नसतं’ असे ठामपणे म्हणायलाच हवे, आणि कथेने तिची खिल्ली उडवता कामा नये. तिच्याकडे युक्तिवादही भक्कम असतो: दूरची खूण दिसेनाशी झाली की माणूस सरळ चालतो आहे असे समजून नकळत गोल फिरतो, हे प्रयोगांतून दिसलेले आहे. कोणाला काय दिसले ते वहीत लिहून ताडून पाहण्याची पद्धत हीच मुलगी काढते. म्हणजे राक्षसाला हरवण्याचे साधन तिच्या शंकेतूनच निघते आणि लिंबू-मिरची, अंगारा यांवर कथा सुटत नाही. मांत्रिक आणायचाच झाला तर तो पैसे घेऊन चुकीची वाट दाखवणारा असावा.

शेवट

शेवटच्या वळणावर बाकीच्या तिघींना भिंत दिसते आणि एकट्या पूजाला वाट दिसते. वहीचा नियम सांगतो की तिघी म्हणतात तेच खरे. चकव्याला मात्र आता मुलींची पद्धत कळली आहे आणि तो तिघींना एकच खोटी गोष्ट दाखवू लागला आहे. त्याने पहिला नियम येथे मोडला हे वाचकाला फसवणूक वाटू नये म्हणून मधल्या प्रकरणात एकदा दोघींना एकच खोटी भिंत दिसलेली दाखवून ठेवावी. श्रावणीने पूजाचा हात धरावा तो माफ केले म्हणून नव्हे. राग अजून तसाच असावा आणि तिने तो बोलून दाखवावा. ‘तू माझ्याशी खोटं बोललीस, पण चालताना कधी पाडलं नाहीस’ एवढ्या हिशेबावर तिने पाऊल टाकावे.

त्यानंतर फार रेंगाळू नये. घरी पोचल्यावरचे एक छोटे प्रकरण पुरते, पण ते गाळू मात्र नये, कारण आईने विचारलेल्या ‘इतका वेळ कुठे होतीस?’ या प्रश्नाला चौघींनी चार घरांत काय उत्तर दिले, हे वाचकाला हवेच असते. पहिला खर्डा पूर्ण झाला की तो नववी-दहावीतल्या दोन-तीन मुलींना वाचायला द्यावा आणि ‘आवडली का?’ असे विचारू नये. ‘कुठल्या पानावर वाचणं थांबवलंस?’ आणि ‘तू असतीस तर पूजाचं ऐकलं असतंस का?’ हे दोन प्रश्न विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाला सगळ्यांनी चटकन ‘हो’ म्हटले, तर कॉपीचे प्रकरण पुन्हा लिहायला घ्यावे.