झोपलेला कॉम्प्युटर दुरून उठत नाही? आधी लॅन पोर्टचा दिवा बघा

वेक-ऑन-लॅन, म्हणजे नेटवर्कवरून एक छोटा संदेश (पॅकेट) पाठवून झोपलेला किंवा बंद कॉम्प्युटर उठवणं, पहिल्याच फटक्यात चाललं असं क्वचितच होतं. बायोस (विंडोजच्या आधी चालणारं मदरबोर्डाचं सॉफ्टवेअर), विंडोज, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, राउटर आणि पॅकेट पाठवणारं अ‍ॅप, एवढ्या सगळ्यांचं जुळावं लागतं. यातलं कुठेही अडलं तरी लक्षण एकच दिसतं: कॉम्प्युटर ढिम्म. म्हणून एकाच वेळी सगळीकडे हात घालू नका. आधी घरच्याच नेटवर्कवरून स्लीपमधलं मशीन उठवून बघा. ते जमलं की हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून मशीन बंद), मग पूर्ण शटडाउन, आणि बाहेरून म्हणजे मोबाइल डेटावरून उठवण्याचा प्रयत्न सगळ्यात शेवटी. घरातल्या घरात न उठणारं मशीन बाहेरगावाहून उठेल ही आशाच नको.

मशीनला जे पाठवतो ते 'मॅजिक पॅकेट' एएमडी आणि एचपी यांनी १९९५ च्या सुमारास पुढे आणलं. त्याची रचना फार साधी आहे: सुरुवातीला एफएफ हा बाइट ६ वेळा, त्यामागे ज्याला उठवायचं त्याचा ६ बाइटांचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) १६ वेळा, एकूण १०२ बाइट. झोपलेल्या मशीनचं कार्ड येणाऱ्या प्रत्येक फ्रेममध्ये हा नमुना तेवढा शोधत बसतं. त्यामुळे अ‍ॅपमध्ये पोर्ट ७ ठेवू की ९, यावर डोकं शिणवू नका. कार्डाला पोर्ट कळतच नाही.

दिवा

मशीन केबलने राउटरला जोडा. वाय-फायवरून उठवणं काही लॅपटॉपना जमतं, पण भरवशाचं नाही. पॅकेट पाठवणारा फोन वाय-फायवर असला तरी चालेल, उठणारं मशीन मात्र वायरवर हवं. यूएसबी-लॅन अडॅप्टर असेल तर फार तर स्लीपमधून उठेल, कारण शटडाउननंतर यूएसबी पोर्टची वीज बहुतेक वेळा जाते.

आता मशीन शटडाउन करा आणि मागच्या लॅन पोर्टकडे बघा. पोर्टाला दिवा नसेल तर राउटरवर त्या केबलचा दिवा बघा. तो लागलेला असेल तर कार्डाला वीज आहे, लिंक आहे आणि अर्धं काम झालेलं आहे. विझला असेल तर अ‍ॅप, राउटर, पोर्ट फॉरवर्डिंग यांच्या नादी लागायचंच नाही. कितीही पॅकेटं पाठवली तरी ती घ्यायला तिथे कुणी जागं नाही.

दिवा विझण्याचं सगळ्यात सामान्य कारण कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतं: रात्री कुणीतरी स्पाइक गार्डचं बटण बंद केलेलं असतं. ऑफिसात तर हमखास. त्या बटणावर चिकटपट्टी लावा. त्यानंतरचं कारण बायोसमधलं. बंद उपकरणाने अर्ध्या वॉटपेक्षा जास्त वीज खाऊ नये असा युरोपचा ईआरपी नियम आहे. तो पाळणारं सेटिंग चालू असेल तर बोर्ड कार्डाची स्टँडबाय वीजच तोडतो. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय:

- असूस: 'अ‍ॅडव्हान्स्ड'मधल्या 'एपीएम कॉन्फिगरेशन'मध्ये 'ईआरपी रेडी' बंद, 'पॉवर ऑन बाय पीसीआय-ई' चालू.
- एमएसआय: 'ईआरपी रेडी' बंद, 'रिझ्यूम बाय पीसीआय-ई डिव्हाइस' चालू.
- डेल: 'डीप स्लीप कंट्रोल' बंद, 'वेक ऑन लॅन'मध्ये 'लॅन ओन्ली'.
- एचपीची ऑफिस मॉडेलं: 'एस५ मॅक्झिमम पॉवर सेव्हिंग्ज' बंद.
- थिंकपॅड: 'वेक ऑन लॅन'ला 'एसी ओन्ली' असेल तर चार्जर लावलेलाच हवा.

मॉडेल बदललं की मेनूची जागा बदलते. नेमकं नाव सापडलं नाही तर पॉवरच्या पानावर ईआरपी, डीप स्लीप किंवा पीएमई असे शब्द शोधा. बऱ्याच जणांच्या हातून एक घोळ होतो: 'वेक ऑन लॅन' चालू करतात आणि ईआरपी तसंच राहतं. काही बोर्डांवर ईआरपी चालू असलं की वेकचा पर्याय मेनूतून गायबच होतो, तेव्हा आधी ईआरपी बंद करा.

विंडोज

स्लीपमधून उठतं पण शटडाउननंतर उठत नाही, अशी तक्रार असेल तर पहिला संशय 'फास्ट स्टार्टअप'वर घ्या. विंडोज ८ पासून नेहमीचं शटडाउन हे खरं शटडाउन नसतं. ते अर्धं हायबरनेट असतं, आणि त्या अवस्थेत जाताना विंडोज नेटवर्क कार्डाला वेकसाठी मुद्दाम सज्ज ठेवत नाही. खात्री करून घेणं सोपं आहे. शिफ्ट दाबून धरून शटडाउन निवडा, म्हणजे पूर्ण शटडाउन होतं. आता मशीन उठलं तर चोर सापडला. कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स', तिथे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल'वर क्लिक करून 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा.

त्याच पानावर 'हायबरनेट'ला खूण करून ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या लेखी वेक-ऑन-लॅनला आधार आहे तो स्लीप आणि हायबरनेटमधून. पूर्ण शटडाउनमधून उठणं बायोस आणि ड्रायव्हरच्या मर्जीवर. हायबरनेटमध्ये वीज जवळपास शटडाउनइतकीच लागते. मग शटडाउनशी झगडत बसण्यापेक्षा दुरून वापरायचं मशीन हायबरनेटच करावं.

पुढे डिव्हाइस मॅनेजर. वायरच्या कार्डाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' टॅब उघडा आणि तिन्ही चौकटींत खूण करा. पहिली खूण, 'अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस', उलटी वाटते, पण ती काढली की खालच्या दोन्ही पुसट होतात. तिसरी, 'ओन्ली अलाऊ अ मॅजिक पॅकेट', करायची राहून गेली तर मशीन रात्री-अपरात्री आपोआप उठत राहील. 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'वेक ऑन मॅजिक पॅकेट' चालू आणि 'वेक ऑन पॅटर्न मॅच' बंद ठेवा. रिअलटेक कार्ड असेल तर 'शटडाउन वेक-ऑन-लॅन' चालू करा. तिथेच 'डब्ल्यूओएल अँड शटडाउन लिंक स्पीड' असतं. शटडाउनच्या वेळी कार्ड वेग १० एमबीपीएसवर आणतं. ऑफिसच्या स्विचचा पोर्ट १००० वर बांधून ठेवलेला असेल तर लिंक तुटते आणि दिवा विझतो. अशा वेळी 'नॉट स्पीड डाउन' निवडा.

हे पर्याय दिसतच नसतील तर दोन शक्यता. एक, विंडोजने स्वतःचा साधा ड्रायव्हर टाकलाय. बोर्डाच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीचा टाका. दोन, लॅपटॉप 'मॉडर्न स्टँडबाय'चा आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /ए' चालवा. यादीत एस३ (जुन्या पद्धतीची स्लीप) ऐवजी 'एस० लो पॉवर आयडल' आलं तर स्लीपचे जुने नियम त्या मशीनला लागू नाहीत. हायबरनेटवरून चाचणी घ्या. 'पॉवरसीएफजी /डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड' ही कमांड उठवण्याची मुभा कुणाकुणाला आहे ते दाखवते. त्यात तुमचं नेटवर्क कार्ड नसेल तर वरचं काहीतरी राहिलंय. विंडोजच्या मोठ्या अपडेटने ड्रायव्हर बदलला की ही सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात, तेव्हा कालपर्यंत चालणारं आज बंद पडलं तर इथूनच सुरुवात करा.

लिनक्सवर 'ईथटूल'मध्ये 'वेक-ऑन'समोर 'डी' असेल तर बंद, 'जी' हवं. हाताने दिलेलं 'जी' बहुधा रीबूटनंतर टिकत नाही. ते नेटवर्कमॅनेजरच्या जोडणीत किंवा सिस्टिमडीच्या लिंक फाइलमध्ये कायमचं लिहावं लागतं. अॅपलचा मॅक कॉम्प्युटर फक्त स्लीपमधून उठतो, शटडाउनमधून नाही. त्यासाठी 'वेक फॉर नेटवर्क अ‍ॅक्सेस' चालू ठेवा.

पॅकेट पोचतंय का?

दिवा लागलाय, विंडोज ठीक आहे, तरी मशीन उठत नाही. आता मशीन जागं ठेवून त्यावर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारं सॉफ्टवेअर) सुरू करा, फिल्टरमध्ये 'डब्ल्यूओएल' टाका आणि फोनवरून पॅकेट पाठवा. पॅकेट दिसलं आणि त्यातला मॅक पत्ता बरोबर असला तर पाठवण्यात दोष नाही. वरच्या दोन भागांकडे परत जा. दिसलंच नाही तर पुढे वाचा.

मॅक पत्त्याची चूक सगळ्यात जास्त होते. 'आयपीकॉन्फिग /ऑल'मध्ये वाय-फाय, ब्लूटूथ, व्हर्च्युअलबॉक्स, हायपर-व्ही असे चार-पाच पत्ते येतात. आपल्याला हवा तो वायरच्या कार्डाचा 'फिजिकल अ‍ॅड्रेस'. लॅपटॉप डॉकवर असेल तर डॉकच्या लॅन पोर्टचा पत्ता वेगळा असू शकतो.

मग नेटवर्क तपासा. आपल्याकडे बऱ्याच घरांत फायबरवाल्याने बसवलेल्या डब्याचं एक वाय-फाय असतं आणि त्यामागे आपण विकत आणलेला दुसरा राउटर. फोन पहिल्यावर, म्हणजे समजा १९२.१६८.१.x वर, आणि कॉम्प्युटर दुसऱ्यामागे १९२.१६८.०.x वर. इंटरनेट दोन्हीकडे छान चालतं, म्हणून शंका येत नाही, पण ब्रॉडकास्ट, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम पाठवलेलं, पॅकेट राउटर ओलांडत नाही. दुसरा राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडवर टाका, की दोन्ही एकाच नेटवर्कवर येतात. गेस्ट वाय-फायवरच्या फोनचंही पॅकेट असंच अडतं.

लॅपटॉपवरून पाठवत असाल आणि त्यावर व्हीपीएन किंवा व्हर्च्युअलबॉक्स असेल, तर २५५.२५५.२५५.२५५ वर पाठवलेलं पॅकेट भलत्याच अडॅप्टरमधून निघून जाऊ शकतं. त्याऐवजी आपल्या नेटवर्कचा ब्रॉडकास्ट पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५५.

पाच मिनिटं चालतं, मग नाही

मशीन झोपवून लगेच पॅकेट पाठवलं तर उठतं. जेवून येऊन पाठवलं तर उठत नाही. यात कार्ड निर्दोष असतं. तुम्ही पॅकेट ब्रॉडकास्टवर न पाठवता मशीनच्या आयपी पत्त्यावर पाठवताय. कोणता आयपी म्हणजे कोणता मॅक, हे राउटर किंवा पाठवणारं मशीन आपल्या एआरपी यादीत थोडा वेळ लक्षात ठेवतं. नोंद पुसली गेली की ते पुन्हा विचारतं, झोपलेलं मशीन उत्तर देत नाही आणि पॅकेट तिथेच टाकून दिलं जातं. इलाज: ब्रॉडकास्टवर पाठवा. तशी सोय नसेल तर राउटरमध्ये त्या मशीनची कायमची एआरपी नोंद करा. ड्रायव्हरमध्ये 'एआरपी ऑफलोड' असेल तर तेही चालू करा, स्लीपपुरता उपयोग होतो.

बाहेरून

राउटरमध्ये पोर्ट ९ बाहेरच्यांसाठी उघडून तो ब्रॉडकास्ट पत्त्याकडे वळवा, हा सल्ला अजून सगळीकडे फिरतो. तो सोडून द्या. एक तर घरगुती राउटर बहुतेक वेळा .२५५ हा पत्ता स्वीकारतच नाहीत. बाहेरून येणारं ब्रॉडकास्ट मुळातच बंद ठेवावं असं १९९९ च्या आरएफसी २६४४ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात ठरलं, कारण त्याचा हल्ल्यांसाठी वापर होत होता. दुसरं म्हणजे पुष्कळ जोडण्या सीजीनॅटच्या मागे असतात, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुमच्यापर्यंत बाहेरून काही पोचणारच नाही, पोर्ट कितीही उघडा.

त्यापेक्षा घरात एखादं कायम चालू राहणारं छोटं यंत्र ठेवा. रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर पुरतो, तो मोजके वॉट खातो. त्यावर टेलस्केल किंवा वायरगार्ड हे व्हीपीएन टाका; टेलस्केल सीजीनॅटमागूनही चालतं, वायरगार्डला मात्र कुठेतरी सार्वजनिक पत्ता लागतो. इथे एक मेख आहे: या व्हीपीएनमधून ब्रॉडकास्ट जात नाही, त्यामुळे फोनवरच्या अ‍ॅपने थेट पॅकेट सोडून काही होणार नाही. आधी एसएसएचने (दुरून कमांड चालवण्याची सोय) पायवर शिरायचं आणि तिथून 'वेकऑनलॅन' कमांडला मॅक पत्ता द्यायचा. असूसच्या बऱ्याच राउटरांत 'नेटवर्क टूल्स'खाली आणि मिक्रोटिकमध्ये 'टूल'खाली ही सोय आधीच असते; तिथे पायचीही गरज नाही.

लोडशेडिंग हा यातला खरा शत्रू. वीज जाऊन आली की कार्ड पुन्हा सज्ज झालेलं नसतं, आणि एकदा बूट होईपर्यंत अनेक बोर्ड मॅजिक पॅकेटला दाद देत नाहीत. बायोसमध्ये 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस'ला 'पॉवर ऑन' द्या. 'लास्ट स्टेट' ठेवलं तर बंद असलेलं मशीन बंदच राहील. वीज आल्यावर मशीन आपणहून सुरू होतं, ठरलेल्या वेळी झोपतं आणि मग उठवता येतं. राउटर आणि पाय इन्व्हर्टरवर घ्या.

उठलंय, पण वाटत नाही

नेटवर्कवरून उठलेलं विंडोज मॉनिटर लावेलच असं नाही, त्यामुळे काळ्या पडद्यावरून निर्णय घेऊ नका. पिंगचंही तसंच, विंडोजची फायरवॉल ते अडवू शकते. थेट रिमोट डेस्कटॉप जोडून बघा. होम आवृत्तीत मात्र ही सोय नसते, तिथे दुसरं रिमोट अ‍ॅप लागेल. बिटलॉकरला (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) सुरुवातीचा पिन लावला असेल तर मशीन उठून पिनच्या पडद्यावर थांबतं आणि नेटवर्कवर दिसतच नाही.

आणि उठून दोनच मिनिटांत परत झोपत असेल तर तो बिघाड नाही. समोर माणूस नसताना उठलेल्या मशीनसाठी विंडोजमध्ये 'सिस्टिम अनअटेंडेड स्लीप टाइमआउट' हे वेगळं घड्याळ आहे, मुळात २ मिनिटांचं आणि पॉवर ऑप्शन्समध्ये लपवलेलं. रजिस्ट्रीतून ते दिसतं करून ३० मिनिटांवर न्या, किंवा पॅकेट पाठवल्या पाठवल्या जोडणी करा.