ब्रशलेस मशीन अडलं की लगेच बोर्ड बदलू नका: या चुका टाळा

एक ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या मोटरचं) ड्रिल मशीन माझ्याकडे आलं तेव्हा त्यात तिसरा कंट्रोलर, म्हणजे मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, बसवलेला होता, आणि तोही जळालेला. मालकाने दर वेळी नवा बोर्ड आणला, तारा जोडल्या, दोन भोकं पाडली आणि पुन्हा सगळं ठप्प. बॉडी उघडली तर मोटरच्या तीनपैकी दोन तारा प्लॅस्टिकच्या कडेखाली चेपलेल्या दिसल्या. इन्शुलेशन जेमतेम नखाएवढं कापलेलं, आतलं तांबं चकाकत होतं. मशीन रिकामं फिरवलं तर काहीच व्हायचं नाही. भार आला, थरथर वाढली की त्या दोन तारा एकमेकींना टेकायच्या आणि मॉसफेट (बोर्डवरचे करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) त्याच क्षणी उडायचे. तारा सरळ करून त्यांच्यावर स्लीव्ह चढवायला दहा मिनिटं लागली. चौथा कंट्रोलर अजून चालतो आहे.

बोर्ड जळाला हे सगळ्यांना दिसतं. तो कशामुळे जळाला हे शोधल्याशिवाय नवा बसवणं ही या मशीनमधली सगळ्यात महागडी चूक आहे.

तिचं मूळ जुन्या सवयीत आहे. कार्बनच्या मशीनमध्ये कार्बन झिजले की बदलायचे, आर्मेचर जळालं की नवं टाकायचं. बिघाड डोळ्यांना दिसायचा. ब्रशलेसमध्ये चुंबक रोटरवर, म्हणजे फिरणाऱ्या भागावर असतात, वाइंडिंग बाहेर स्थिर असतं आणि कोणत्या वाइंडिंगला कधी करंट द्यायचा हे कंट्रोलर ठरवतो. त्यासाठी त्याच्याकडे सहा मॉसफेट असतात आणि बहुतेक ड्रिल-इम्पॅक्टमध्ये रोटर कुठे आहे ते सांगणारे तीन हॉल सेन्सर. हे सेन्सर चुंबकाच्या ज्या परिणामावर चालतात तो एडविन हॉल यांना १८७९ मध्येच सापडला होता. कार्बनऐवजी सेमीकंडक्टरने करंट फिरवायची कल्पना विल्सन आणि ट्रिकी यांनी १९६२ मध्ये मांडली. म्हणजे तत्त्व जुनंच आहे, हातातल्या मशीनमध्ये ते खूप उशिरा आलं आणि आपली तपासणीची पद्धत अजून कार्बनच्याच काळातली आहे.

बॅटरी नुसती ठेवून मोजणं

"बॅटरी चांगली आहे, मीटरवर २० व्होल्ट दाखवते," हे वाक्य मी रोज ऐकतो. १८ व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ती २१ व्होल्ट दाखवते. जुनी झालेली बॅटरीही नुसती ठेवून मोजली तर २० दाखवेल. पण सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे ट्रिगर पूर्ण दाबून चकवर (बिट पकडणाऱ्या भागावर) भार दिला की व्होल्टेज धपकन खाली येतं. कंट्रोलरला वाटतं बॅटरी संपली, आणि तो मोटर बंद करतो. आपण ट्रिगर सोडतो, व्होल्टेज परत वर येतं, मशीन पुन्हा सुरू होतं. "सुरू होतं, भार आला की बंद पडतं" अशी तक्रार असेल तर मोटर उघडण्याआधी दुसरी चांगली बॅटरी लावून बघा. ती नसेल तर भार देताना बॅटरीच्या पत्त्यांवर (टर्मिनलवर) व्होल्टेज मोजा. थंडीत सेलचा रोध आणखी वाढतो, म्हणून सकाळी अडणारं मशीन दुपारी नीट चालू शकतं.

याच्याच जोडीची चूक म्हणजे छोटी बॅटरी मोठ्या मशीनला लावणं. ग्राइंडर ८०० वॅट घेत असेल तर १८ व्होल्टला सुमारे ४५ अँपियर झाले. पाच सेलच्या बॅटरीत प्रत्येक सेलमधून पूर्ण ४५ अँपियर जातो, दहा सेलच्या बॅटरीत पाच-पाचच्या दोन ओळी असतात, म्हणून तो अर्धा होतो. छोटी बॅटरी लावलेला ग्राइंडर वारंवार थांबला तर त्यात बिघाड नाही, कंट्रोलर आणि बॅटरी स्वतःला वाचवत आहेत. ते थांबू नये म्हणून संरक्षणाचा बोर्ड वगळून थेट सेलला तारा जोडलेल्या बॅटऱ्याही मी पाहिल्या आहेत. हे कुणीही, कुठल्याही कारणासाठी करू नका. लिथियमचा सेल पेटला तर तो विझवणं आपल्या हातात राहत नाही.

पत्त्यांवरची काजळी, सैल पत्ती, तापमानाच्या सिग्नलच्या पत्तीवर बसलेला चिकट थर यांनीही मशीन मेल्यासारखं दिसतं. आधी त्या पुसा.

अडकलेल्या मशीनचा ट्रिगर दाबत राहणं

लाकडात स्क्रू अडकला, चक फिरत नाही, आणि माणूस ट्रिगर पुन्हा पुन्हा दाबतो. "एवढ्याने काय होतंय" असं वाटतं, पण मशीनच्या आत जे होतं ते समजून घ्या. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते आणि करंट आटोक्यात ठेवते. थांबलेल्या मोटरमध्ये हे व्होल्टेज शून्य असतं. शिवाय फिरत्या मोटरमध्ये करंट आळीपाळीने सहाही मॉसफेटमधून जातो, म्हणून प्रत्येकाला विसावा मिळतो. रोटर अडकला की ठरावीक दोनच मॉसफेट आणि ठरावीकच वाइंडिंग तो सगळा करंट वाहत राहतात. उष्णता एकाच जागी साठते. कंट्रोलर करंटची मर्यादा पाळतो, पण दर दाबण्याला ती मर्यादा गाठली जाते. स्क्रू अडकला तर दिशा उलटी करून सोडवा किंवा बिट काढून घ्या.

उष्णतेचा दुसरा बळी चुंबक. साध्या ग्रेडचा निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कमजोर पडू लागतो. जास्त तापमान सोसणारे ग्रेड असतात, पण त्यांनाही हद्द आहे. एकदा कायमची गेलेली ताकद मशीन थंड झाल्यावर परत येत नाही. असं मशीन रिकामं जास्त वेगाने फिरतं, भाराला मात्र दम राहत नाही आणि करंट जास्त खातं.

हॉल सेन्सर न तपासता मोटर बाद करणं

मशीन कधी सुरू होतं, कधी जागच्या जागी थरथरतं, आणि चक हाताने थोडा फिरवला की परत चालतं? रोटरच्या ठरावीक जागीच अडत असेल तर हॉल सेन्सर, त्याची तार किंवा मोटरची एखादी फेज (तीन वाइंडिंग-तारांपैकी एक) तुटलेली असण्याचा संशय घ्या.

तपासणी सोपी आहे. बॅटरी काढा, सेन्सरचा कनेक्टर बोर्डपासून सोडवा, बाहेरून ५ व्होल्ट द्या. प्रत्येक आउटपुट आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये १० किलो-ओहमचा रेझिस्टर लावा. आता चक हाताने अगदी सावकाश फिरवत तिन्ही आउटपुट मोजा आणि व्होल्टेज वर असेल तर १, खाली असेल तर ० असं कागदावर लिहा. क्रम १०१, १००, ११०, ०१०, ०११, ००१ असा किंवा याच्या उलट यायला हवा. दर पायरीला एकच अंक बदलतो. नेहमीच्या १२० अंशांच्या मांडणीत ००० आणि १११ कधीच येत नाहीत; त्यातलं काही दिसलं तर सेन्सर किंवा त्याची तार गेली.

वाइंडिंग मोजतानाही फसगत होते. त्याचा रोध मिलिओहममध्ये असतो, साध्या मीटरच्या पिनांचाच रोध त्याहून जास्त. तीनही जोड्यांवर ०.३ ओहम आलं म्हणून "वाइंडिंग ओके" म्हणता येत नाही. मोटरच्या तारा कंट्रोलरपासून सोडवून दोन तारांमधून बरोबर १ अँपियर सोडा आणि त्याच दोन तारांच्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. २० मिलिव्होल्ट आले तर रोध २० मिलिओहम. तिन्ही जोड्यांचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत.

मॉसफेटसाठी मीटर डायोडवर ठेवा. लाल पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, काळी पिन एकेका फेजला; मग लाल पिन फेजला, काळी पॉझिटिव्हला. साधारण ०.४ ते ०.६ व्होल्ट यायला हवेत. शून्याजवळ आलं की तिथला मॉसफेट शॉर्ट आहे. बॅटरी काढलेली असतानाही चक अडखळत, जड फिरत असेल तर हाच संशय घ्यायचा.

जोडताना होणाऱ्या चुका

तारा सोडवण्याआधी फोटो काढा. दोन फेजची अदलाबदल झाली तर मोटर धक्के मारते, किंवा फिरते पण तापते, आणि हा दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. सेन्सरचा बोर्ड स्क्रू सैल करून हलवला असेल तर तो जिथे होता तिथेच परत बसवा, आधी मार्करने रेघ मारून ठेवा. चार ध्रुवांच्या रोटरमध्ये बोर्ड ५ अंश सरकला तर इलेक्ट्रिकल कोन १० अंशांनी चुकतो. बाहेर काढलेला रोटर वर्कशॉपच्या टेबलावर ठेवू नका, लोखंडाचा कीस त्याला लगेच चिकटतो. स्वच्छ कापडात गुंडाळा, आणि बसवण्याआधी चिकट टेप दाबून कीस उचलून घ्या. मोटरमध्ये तेलाचा स्प्रे मारू नका, धुळीचा चिखल होतो.

बॅटरीच्या तारा लांब करून बाहेरून बॅटरी जोडायची हौस असते. लांब तारांचं इंडक्टन्स वाढतं, करंट तुटताना व्होल्टेजचे झटके येतात आणि कपॅसिटरने ते शोषले नाहीत तर मॉसफेट जातात. कपॅसिटर बदलायचा झाला तर कमी ईएसआरचाच (आतला रोध कमी असलेलाच) घ्या.

नवा कंट्रोलर बसवल्यावर पहिली चाचणी पूर्ण भरलेल्या बॅटरीवर घेऊ नका. करंटची मर्यादा ठेवता येणारा पॉवर सप्लाय असेल तर ३ अँपियरवर ठेवून, चक रिकामा ठेवून ट्रिगर हळूहळू दाबा. काही मशीन बॅटरीचा सिग्नल मिळाल्याशिवाय सुरूच होत नाहीत. तिथे बॅटरीच लावा, पण पॉझिटिव्ह तारेत ५ अँपियरचा फ्यूज टाकून. फ्यूज उडाला तर कुठेतरी अजून शॉर्ट आहे. तो सापडेपर्यंत मोठा फ्यूज टाकू नका.