दात्याच्या शिरेचा ग्राफ्ट डायलिसिससाठी वापरताना

पेशंट किडनी प्रत्यारोपणाच्या यादीत असेल, तर दात्याची शीर (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी धमनी आणि नीलेमध्ये जोडायची नळी) बसवण्याआधी थांबा. गोठवून साठवली तरी तिच्या पेशींवरचे एचएलए (शरीराला आपलं-परकं ओळखू देणाऱ्या खुणा) शाबूत राहतात. शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, पीआरए (अशा अँटिबॉडी किती आहेत ते दाखवणारी रक्ततपासणी) चढतो आणि पुढे जुळणारी किडनी मिळणं अवघड होऊन बसतं. त्यामुळे आधी ट्रान्सप्लांट टीमला विचारा, पीआरए करून ठेवा. स्वतःच्या शिरेचा फिस्टुला (धमनीला थेट जोडलेली शीर) जमत असेल तर तोच करा. दात्याची शीर खरी कामी येते ती पीटीएफईच्या (कृत्रिम प्लास्टिक नळीच्या) ग्राफ्टमध्ये पू झालेला असतो तेव्हा. कृत्रिम नळीपेक्षा ती जंतुसंसर्गापुढे जास्त टिकाव धरते. शक्यतो रक्तगट जुळणारीच मागवा.

वितळवलेली शीर पुन्हा गोठवता येत नाही. धमनी आणि नीला मोकळ्या करून जागा पक्की झाल्यावरच पिशवी कोमट पाण्यात सोडा. कडक असताना वाकवली तर भिंतीला तडा जातो. नंतर डीएमएसओ (गोठवताना पेशी जपणारं रसायन) निघून जावं म्हणून टिश्यू बँकेने दिलेल्या क्रमानेच धुवा. सलाइन भरून हलकेच फुगवा. बाजूच्या फांदीतून गळत असेल तर ७-० प्रोलीनने (अगदी बारीक शस्त्रक्रियेच्या धाग्याने) शिवा.

आता दिशा. शिरेत झडपा असतात, त्यामुळे दात्याच्या शरीरात पायाकडे असलेलं टोक धमनीला जोडायचं. सलाइन सोडून बघा: ज्या बाजूने सहज पुढे जातं ती सुरुवात. लगेच शाईची रेघ लांबीभर ओढा, त्वचेखालच्या बोगद्यातून ओढताना पीळ बसला तर रेघेवरून कळतो. बोगदा त्वचेखाली ६ मिमीपेक्षा खोल नको, नाहीतर सुई लागत नाही. मांडीची शीर रुंद असते; धमनीकडचं तोंड तेवढंच मोठं ठेवलं तर पंज्याचं रक्त पळतं, बोटं गार पडतात, दुखतात. तिथे तोंड निमुळतं करा.

सूज उतरून सर्जनने हिरवा कंदील दिल्याशिवाय टोचू नका. सुरुवात १७ गेजच्या सुईने, कमी फ्लोवर. शीर धमनी-नीलेला शिवलेल्या जोडापासून निदान ३ सेंमी लांब टोचा, दोन सुयांत ५ सेंमी अंतर ठेवा आणि दर वेळी जागा बदला. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की भिंत विरते, फुगा येतो. फुग्यावरची कातडी पातळ, चकचकीत झाली किंवा खपली धरत नसेल, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. रक्त उसळलं तर बोटाने नेमक्या जागी दाबून धरा, हात वर करा आणि अँब्युलन्स बोलवा. घरी रोज सकाळ-संध्याकाळ थ्रिल (रक्त वाहताना बोटांना जाणवणारी थरथर) चाचपा. लागली नाही तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता सेंटरला फोन करा.