स्ट्रोकनंतर स्मरणशक्ती आणि विचारशक्तीची तपासणी घरून कशी करून घ्यावी

स्ट्रोकनंतर हात-पाय किती हलतात, हे सगळ्यांनाच दिसतं. पण लक्ष लागत नाही, हातातलं काम मध्येच सुटतं, नुकतंच सांगितलेलं आठवत नाही, हे घरच्यांनाच आधी जाणवतं. याची तपासणी आता व्हिडिओ कॉलवरही होते. तिचा निकाल किती खरा येईल, हे बरंचसं घरच्यांच्या तयारीवर असतं.

१. वेळ ठरवतानाच तपासणाऱ्यांना सांगा: शिक्षण किती, कोणती भाषा सहज येते, कोणता हात कमजोर आहे, शब्द सापडायला त्रास होतो का. स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासणारी ‘मोका’ ही चाचणी ३० गुणांची असते आणि शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. बोलणं अडखळत असेल तर खास स्ट्रोकसाठी बनवलेली ‘ऑक्सफर्ड कॉग्निटिव्ह स्क्रीन’ ही चाचणी वापरता येईल का, हे जरूर विचारा. थकवा कमी असेल अशीच वेळ मागा.

२. खोली शांत हवी. भिंतीवरचं कॅलेंडर आणि घड्याळ काढून ठेवा, कारण आजची तारीख, वार विचारतात आणि घड्याळाचं चित्रही काढायला सांगतात. चष्मा, कानाचं यंत्र, कोरे कागद, पेन हाताशी असू द्या. मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर चित्रं नीट दिसत नाहीत. लॅपटॉप किंवा टॅब्लेट बरा.

३. आता सगळ्यात अवघड काम: गप्प बसणं. पाच शब्द ऐकवतात आणि साधारण पाच मिनिटांनी परत विचारतात. तेव्हा “बाबा, आठवा ना, ‘म’वरून आहे!” असं आपल्या तोंडून सहज निघून जातं. प्रेमापोटीच, पण त्या एका अक्षराने खरी अडचण झाकली जाते. शब्द लिहून ठेवू नका, मानही हलवू नका. रुग्णाने चित्राची फक्त उजवी बाजू काढली तर कागद सरकवून डावीकडे बोट दाखवू नका. मेंदूचं डावीकडे लक्षच जात नसेल, आणि नेमकं तेच तपासणाऱ्यांना दिसायला हवं. कागद जसा आहे तसा कॅमेऱ्यासमोर धरा.

आवाज तुटला तर मात्र लगेच सांगा. न ऐकू आलेला शब्द विसरलेला धरला जाऊ नये.

४. शेवटी तुम्ही तपासणाऱ्यांशी वेगळं बोला. “विसरतात” एवढं पुरत नाही. औषध दोनदा घेतलं, हिशेब पूर्वी जमायचा तो आता जमत नाही, असे प्रसंग सांगा. झोप, उदासी, थकवा यांनीही गुण घसरतात, तेही लपवू नका. नुसत्या गुणांवरून निदान होत नाही.

पुढची तपासणी वेगळ्या शब्दसंचाने घ्यायला सांगा. मधल्या काळात हेच प्रश्न घरी घोकून घेऊ नका. गुण वाढतील, अडचण तशीच राहील.

आणि गोंधळ, बोबडेपणा किंवा एका बाजूची कमजोरी अचानक वाढली, तर व्हिडिओ कॉलची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.