सायलेन्सर तिरका बसत होता, मधला तुकडा बनवून घेतला

नवा सायलेन्सर बसवला खरा, पण त्याचा फ्लँज (पाइपच्या टोकाची बोल्टची भोकं असलेली जाड पट्टी) पुढच्या पाइपच्या फ्लँजशी तिरका भिडत होता. बोल्ट आवळून ओढून बसला असता. पण मग सगळा ताण हँगरच्या (सायलेन्सर टांगून धरणाऱ्या) रबरांवर आणि वेल्डवर येतो. म्हणून मधे बसेल असा, दोन्ही टोकांना फ्लँज असलेला पाइपचा तुकडा बनवला.

जुन्या फ्लँजवर पुठ्ठा ठेवून कडा अंगठ्याने दाबल्या, भोकांचे ठसे नीट उमटले. त्या साच्यावरून 10 मिमी माइल्ड स्टीलचे दोन फ्लँज कापून घेतले. स्टेनलेस गंजायला वेळ लावतं, पण माइल्ड स्टील कापायला-जोडायला सोपं. मधला पाइप टेबलावर जोडू नका, कोन हमखास चुकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून गाडीवरच वेल्डिंगचे चार टाके मारले, पूर्ण वेल्डिंग बाहेर काढून केलं. उष्णतेने फ्लँज थोडा वाकतोच. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून तो घासला.

फ्लँजच्या मधे नवं गॅस्केट (सांधा गळू न देणारी चकती) टाकलं, बोल्ट पुढून मागे आवळत गेलो. इंजिन थंड असतानाच चालू करून सांध्यांवर साबणाचं पाणी सोडलं. एका वेल्डपाशी बारीक बुडबुडे आले, तेवढा भाग पुन्हा मारला. हा सांधा ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) पुढे, इंजिनच्या बाजूला असेल तर जास्तच जपा: तिथून बाहेरची हवा शिरली की सेन्सरचं रीडिंग चुकतं आणि गाडी उगाच जास्त पेट्रोल पिते.