जुनी पिकअप रोजची करायची तर आधी रबर बघा

जुन्या पिकअपमध्ये पाठ धरायला लागली की माणूस आधी सीटवर गादी टाकतो, मग मोठी स्क्रीन बसवतो, मग रुंद अलॉय व्हील. गाडी आदळायची तेवढीच आदळते, गाणी मात्र स्वच्छ ऐकू येतात.

माझी पिकअप पूर्वी माल वाहायची. आता तिच्यात मी एकटी असते, कधी शेजारी आई. मागचा हौदा बहुतेक रिकामा. ज्या वजनासाठी तिचे पाटे, म्हणजे मागच्या लोखंडी पानांच्या स्प्रिंगा, बनवले ते वजनच अंगावर नसल्यामुळे ती प्रत्येक खड्ड्याला उड्या मारते. त्यात गाडी जुनी, म्हणजे टायर, बुश (सांध्यांत बसणारे रबरी तुकडे), केबिनखालचे माउंट, स्टॉपर, दरवाजांची बीडिंग असं जे जे रबराचं ते कडक झालेलं, चिरलेलं किंवा चपटं. गाडीचा आराम बहुतांशी या रबरात असतो. म्हणून नवं काही चढवण्याआधी जुनं रबर बदला. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

आधी ऐकून घ्या

रिकामी गाडी सरळ, मोकळ्या रस्त्यावर न्या. रेडिओ बंद, काचा वर. शेजारी कुणाला तरी वही देऊन बसवा. ताशी ८० च्या आसपास स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. स्टिअरिंग शांत, पण सीट आणि फ्लोअर थरथरतंय, तर मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा. क्लच सोडताना खालून टक् असा आवाज आला तर शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे त्याच्या वळणाऱ्या सांध्यावर, संशय घ्या. लांब गाड्यांचा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मधल्या बेअरिंगला रबराची कडी असते. ती फाटली की निघताना गाडी अंग झटकल्यासारखी हलते. शाफ्ट काढण्याआधी जोडांवर खुणा करून ठेवायला सांगा, कारण दोन तुकडे एखादा दाता सरकून परत बसले तर पूर्वी नव्हती ती थरथर नव्याने सुरू होते.

स्टिअरिंगला खेळ असेल तर कुणाला तरी ते थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खाली वाकून बघा. ज्या सांध्याच्या अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा उशिराने हलतो, तो सांधा गेलेला. टाय रॉड एंड, आयडलर आर्म, कॉलमखालचा जोड, असं क्रमाने बघत जा. स्टिअरिंग बॉक्सवरच्या अ‍ॅडजस्टिंग स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावायचा. खेळ दिसला की पहिला तोच आवळणारे बरेच भेटतील. त्याने स्टिअरिंग मधोमध अडखळतं, वळणानंतर आपणहून सरळ येत नाही, आणि बॉक्स झिजतो तो वेगळाच.

टायर आणि त्यातली हवा

मालवाहू गाडीच्या टायरच्या भिंती जाड आणि कडक असतात. रोज रिकामी चालवणार असाल तर हायवे नक्षीचे टायर घ्या. चिखलाच्या ठोकळेबाज नक्षीचे टायर रुबाबदार दिसतात, पण डांबरावर दिवसभर घोंघावतात. रिम मोठी करू नका. रिम जितकी मोठी तितकी टायरची भिंत बुटकी, आणि पहिला धक्का खाते ती भिंतच. टायरवरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मात्र कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी घेऊ नका. साध्या कारचा टायर पिकअपला लावायचा झालाच तर त्याची वहनक्षमता १.१० ने भागून धरतात, हे लक्षात ठेवा.

नक्षी शाबूत आहे एवढ्यावर समाधान मानू नका. टायरच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण म्हातारे होतातच.

हवेचं म्हणाल तर दरवाजाच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा. माझ्या गाडीला मागच्या चाकांसाठी दोन आकडे दिलेत, रिकाम्या गाडीला ३५ पीएसआय आणि पूर्ण मालाला ५०. हवा भरणारा मुलगा पिकअप बघून सवयीने मोठा आकडा भरतो. रिकाम्या गाडीत ती हवा म्हणजे मागे दगडाची चाकं. तुमच्या स्टिकरवरचे आकडे निराळे असतील, ते पाळा. हवा गाडी थंड असताना तपासा. माल भरलात तर वाढवायला विसरू नका. कमी हवेवर वजन टाकलं की टायर तापतो आणि फुटतो.

पाटे, बुश आणि शॉकअप

इथे घाई नको. मागे पाटे असतील तर पहिली गोष्ट त्यांच्या फटींमध्ये बघा. गंज आणि चिखल साचून पाने एकमेकांना चिकटलेली असतात. धक्का बसल्यावर ती एकमेकांवरून सरकायला हवीत. सरकली नाहीत तर चार पानांचा पाटा एका जाड पट्टीसारखा वागतो आणि दणका थेट चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, देतो. पाटे उतरवून सुटे करा, तारेच्या ब्रशने घासा, रंगाचा पातळ हात द्या, आणि टोकांना जिथे पान पानाला घासतं तिथे नायलॉनचे तुकडे बसवून घ्या. साधं ग्रीसही चालतं, पण त्यावर धूळ बसते आणि थोड्याच दिवसांत त्याची वाळूची पेस्ट होते.

एक पान काढून टाका, गाडी मऊ होईल, असा सल्ला सगळीकडे मिळतो. खालचं जाड, जवळजवळ सरळ पान फक्त भरल्या गाडीत कामाला येतं. रिकाम्या गाडीत ते टेकतही नाही, त्यामुळे ते काढून आराम वाढत नाही, फक्त क्षमता जाते. वरचं एखादं पान काढलं तर गाडी बसते आणि जोरात निघताना अ‍ॅक्सल (मागच्या दोन चाकांमधला आडवा दांडा) मुरडतो. अगदीच मऊ हवं असेल तर पाटे बनवणाऱ्याकडून कमी वजनाचा पूर्ण संच करून घ्या आणि गाडी तेवढाच माल उचलेल हे मान्य करा. मागची उंची बदलली तर आणखी एक गोष्ट येते. बऱ्याच पिकअपमध्ये अ‍ॅक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत काडी जाते. गाडीवर वजन किती हे त्या काडीवरून ठरतं आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला जोर मिळतो. उंची बदलली की तो व्हॉल्व्ह पुन्हा लावून घ्यावा लागतो, नाहीतर मागची चाकं वेळेआधी जाम होतील किंवा ब्रेकच कमी पडेल.

बुश रबराचेच घ्या. पॉलीयुरेथेनचे रंगीत बुश टिकाऊ असतात हे खरं, पण ते कडक असतात, कोरडे पडले की कुरकुरतात, आणि रस्त्याची बारीक खरखर आत पाठवतात. शर्यतीला किंवा जड ओझ्याला ठीक. मला सकाळी कामावर जायचं असतं.

बुश बसवताना त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नका. नुसते धरून ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी हलवून बसू द्या आणि मग शेवटचा पिळा द्या. अधांतरी आवळलेला रबरी बुश गाडी खाली येताच पिळून राहतो आणि लवकर फाटतो. आमच्या मेकॅनिककाकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाला म्हणाले, “उतरव रे गाडी.” पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट नेहमी नवे घाला, जुने एकदा ताणले गेलेले असतात. काही दिवस गाडी चालवून पुन्हा आवळून घ्या. हे काम घरी करणार असाल तर चासीखाली घोड्या लावल्याशिवाय आणि चाकांना अडथळे दिल्याशिवाय खाली शिरू नका. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही.

शॉकअप सगळ्यात शेवटी निवडा, म्हणजे पाटे मोकळे झाल्यावर गाडीला काय हवंय ते कळतं. ऑइल गळत असेल किंवा खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डोलत असेल तर जोडीनेच बदला. ‘हेवी ड्युटी’ वाचून भुलू नका. ते भरल्या गाडीसाठी असतात आणि रिकाम्या गाडीला आणखी ताठ करतात. पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगेचं काम करणारे, पीळ खाणारे लोखंडी दांडे) असतील आणि आधीच्या मालकाने ऐटीसाठी नाक वर केलेलं असेल, तर उंची मूळ आकड्यावर आणा. नाक वर केलं की चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि खड्ड्यात चाक उतरताच खट् होतं. आणायच्या वेळी गॅरेजलाच द्या, त्या बारमध्ये भयंकर ताण असतो. नंतर व्हील अलाइनमेंट हवंच.

केबिनखालचे माउंट

हे कुणी बघत नाही. केबिन चासीवर थेट बसलेली नसते, मध्ये जाड रबरी माउंट असतात. ते चपटे झाले की दरवाजे नीट लागत नाहीत आणि इंजिनाची घरघर फ्लोअरमधून पायात येते. बोल्ट गंजलेले असणार, म्हणून दोन-तीन दिवस आधीपासून गंज सोडवणारं ऑइल मारत राहा. एकदम जोर लावलात तर केबिनमध्ये वेल्ड केलेला नट सुटतो आणि मग फ्लोअर कापण्याची वेळ येते. एका बाजूचे बोल्ट काढा, दुसरीकडचे फक्त ढिले करा, जॅक आणि केबिन यांच्यामध्ये लाकडी फळी ठेवून हळूच उचला. उचलताना एकाने स्टिअरिंगचा शाफ्ट, ब्रेकच्या नळ्या, वायरी आणि रेडिएटरचा पंखा यांच्यावर नजर ठेवायची. यातलं काही ताणलं किंवा टेकलं की थांबा. इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटही याच वेळी बघा. गिअरच्या दांड्याखालची प्लॅस्टिकची बुश झिजली असेल तर बदला. एवढीशी वस्तू, पण गिअर शोधत फिरणं बंद होतं.

आवाज आणि पाणी

साउंडप्रूफिंगच्या शीट चिकटवण्याआधी मॅट उचला आणि खालच्या नमद्याला हात लावा. ओला असेल तर आधी पाणी कुठून येतं ते शोधा. समोरच्या काचेचं रबर, काचेखालच्या जाळीतली पानांनी बुजलेली भोकं, दरवाजाच्या तळातली भोकं, हे नेहमीचे मार्ग. ओल्या फ्लोअरवर शीट मारली तर आत गंज निवांत वाढतो.

दरवाजाचं बीडिंग तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तिथे रबर मेलेलं. बीडिंग बदलल्यावर वाऱ्याची शिट्टी जाते आणि धूळही कमी येते. त्यानंतर ब्युटाइलची, म्हणजे पत्र्याचा आवाज दाबणाऱ्या चिकट रबराची, शीट. ती सगळीकडे मारायची गरज नसते, पत्र्याचा साधारण पाव भाग झाकला तरी त्याची झणझण थांबते. बोटाने टकटक करून पत्रा कुठे डब्यासारखा वाजतो ते बघा आणि तिथेच मारा, रोलरने नीट दाबून. दरवाजाच्या तळातली भोकं उघडीच ठेवा. फ्लोअरवर आणि मागच्या भिंतीवर पाणी न शोषणारा फोम घाला, म्हणजे खालच्या गरमीचीही थोडी सोय होते.

सीट

सीटवर गादी टाकू नका, सीटमधला फोम बदला. गादीने तुम्ही वर जाता, बेल्ट मात्र जिथे होता तिथेच राहतो. सीटचं कापड उतरवून तुटलेल्या स्प्रिंगा आणि खालची जाळी बघा, आणि घट्ट, परत उसळणारा फोम भरून घ्या. खूप मऊ फोम पहिले दहा मिनिटं छान वाटतो, नंतर माणूस आतल्या लोखंडावर बसलेला असतो. मी उंचीने कमी, म्हणून बैठकीची पुढची कड थोडी उतरती करून घेतली. क्लच पूर्ण दाबताना मांडीखाली कड रुतत नाही. दुसऱ्या गाडीची सीट बसवायची तर बोल्ट मूळ जागीच आणि मूळ जाडीचे हवेत. पातळ पत्र्याला भोक पाडून सीट उभी करू नका. आईसाठी दारापाशी पायरी आणि आतल्या खांबाला हँडल लावलं. सगळ्या खर्चात आईला दिसलेली सुधारणा तेवढीच.

थंडावा आणि उजेड

एसीत गॅस भरून घेण्याआधी हीटरचा कॉक बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत हीटरकडे जाणाऱ्या गरम पाण्याचा व्हॉल्व्ह किंवा त्याची केबल नीट बंद होत नाही. मग एसी थंड करतो आणि हीटर तीच हवा तापवतो. केबल दोन मिलिमीटर सरकवून काम होतं. गाडी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची किंवा आधीची असेल तर तिच्यात मुळात आर-१२ गॅस असणार. त्याजागी आर-१३४ए घालायचा तर कंप्रेसरचं ऑइल, ओ-रिंग आणि ड्रायर बदलावे लागतात, गॅसही मूळच्या वजनापेक्षा थोडा कमी लागतो.

हेडलाइट मिणमिणते असतील तर मोठा बल्ब आणू नका. जुन्या वायरिंगमध्ये सगळा करंट स्विचमधून जातो आणि वाटेत व्होल्टेज पडतं. हॅलोजनला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळपास ३० टक्के घटतो. रिले आणि फ्यूज घालून बॅटरीवरून जाड वायर आणा, इंजिन, चासी आणि केबिनच्या अर्थिंगच्या पट्ट्या घासून घट्ट करा. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खुपसला तर समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो, रस्त्यावर कमी पडतो.

स्क्रीन आता बसवा हवी तर. डॅशबोर्डची खाच १८० बाय ५० मिलिमीटरची असेल तर छोटा प्लेअर, १८० बाय १०० असेल तर मोठा बसतो. त्याला रिव्हर्स कॅमेरा जोडून घ्या, हौद्याच्या फळीमागचं आरशात दिसत नाही.