कोकणात क्रेन भाड्याने द्यायची तर आधी टेप घेऊन साईटवर जा

लोटे एमआयडीसी ते कुडाळ हा पट्टा मी सांभाळतो. सेल्सला नवीन मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात रेटकार्ड नाही, मोजायची टेप देतो. फोनवर भाव सांगायचा नाही.

एकदा मीच सांगितला होता. रत्नागिरीजवळ साडेपाच टनांचा जनरेटर बसवायचा होता. "चौदा टनी हायड्रा पाठवा" म्हणाले, पाठवली. हायड्रा म्हणजे वजन उचलून चालत जाणारी छोटी चाकांची क्रेन. बघतो तर मध्ये जांभ्याचा गडगा आणि फाऊंडेशन पलीकडे नऊ मीटरवर. बूम, म्हणजे क्रेनचा लांब होणारा हात, तेवढा काढल्यावर चौदा टनी हायड्राला ते वजन पेलत नाही. ऑपरेटरने लोड चार्ट, म्हणजे किती अंतरावर किती वजन उचलता येतं त्याचा तक्ता, बघून नकार दिला. डिझेल आमच्या अंगावर आलं, गिऱ्हाईकाचा दिवस फुकट गेला.

म्हणून वजन नेमप्लेटवरून घ्या, त्यात हुकब्लॉक (क्रेनचा आकडा), स्लिंग (वजन बांधायचा पट्टा) आणि शॅकल (जोडायची कडी) यांचं वजन मिळवा. क्रेन कुठे उभी राहणार ते ठरवून तिथून अंतर मोजा, मग उंची. मोठी क्रेन येणार असेल तर रस्त्याचं वळण आणि वरच्या तारा बघा. लाईन बंद करून घ्यायचं काम कोणाचं, तेही लिहून घ्या.

जमिनीकडे मात्र जास्त वेळ द्या. जांभ्याचा कातळ भक्कम, पण शेजारचा लाल मातीचा भराव जूनमध्ये लोण्यासारखा होतो. पेव्हरखाली शौचालयाची टाकी असते, बुजवलेली विहीर असते. वाडीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "काका, इथे आधी काय होतं?" आउटरिगरखालचे, म्हणजे क्रेनच्या बाजूला निघणाऱ्या आधाराच्या पायांखालचे, लाकडी स्लीपर कोटेशनमध्येच धरा.

महिन्याचं भाडं आम्ही २६ दिवस, रोज १० तास, म्हणजे २६० तासांचं लावतो. ओव्हरटाईम, डिझेल, क्रेन आणण्या-नेण्याचा खर्च, ऑपरेटरची राहायची सोय, सगळं वर्क ऑर्डरमध्ये हवं. लॉगशीटवर रोज सही घ्या. महिन्याअखेरीस मागाल तर बिल अडकलंच.

१ जूनला मासेमारी बंद होते, त्याआधी होड्या वर काढायला हायड्रा लागते. बंदरावर मे महिन्यातच फिरून या. गणपतीत महामार्गावर अवजड वाहनांना बंदी येते, तेव्हा क्रेन आधीच साईटवर पोचवा.

आणि ऑपरेटर "नाही उचलणार" म्हणाला, तर त्याच्यावर दबाव आणू नका. गिऱ्हाईकाला फोन तुम्ही स्वतः करा, आणि त्याच दिवशी दुसऱ्या क्रेनची सोय बघायला लागा.